अण्णांची लाइन : कोकणातल्या एका फिरत्या विक्रेत्याच्या आठवणी

कातळसडा

आमचे आजोबा, घरात सगळ्यांचेच अण्णा, गेल्या पावसाळ्यात वारले. नव्वदी ओलांडली होती आणि अंथरुणाला खिळावे लागले नाही, म्हणून त्यांच्या जाण्याचे दुःख मोठे करून सांगावे असे आम्हांला कोणालाच वाटत नाही. परंतु दिवसकार्याला आलेल्या माणसांत नातलगांपेक्षा दुकानदार अधिक होते. खेडहून, लांज्याहून, खारेपाटणहून, थेट वेंगुर्ल्याहून माणसे आली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचा अण्णांशी व्यवहार संपूनही एक पिढी उलटून गेली होती. कोकणच्या आगबोटींवर, एसटीवर, रेल्वेवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. त्या बोटींतून आणि गाड्यांतून नमुन्यांची पेटी घेऊन आयुष्यभर फिरलेल्या माणसांवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरात असा कोणी होता, किंवा ज्यांच्या दुकानात असा कोणी येत असे, त्यांनी भर घालावी ही विनंती.

अण्णा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील एका घाऊक पेढीचा माल विकत. माल म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘कटलरी’ म्हणतो तो : शिवणाची रिळे, सुया, बटणे, टिचबटणे, हूक, नाड्या, रिबिनी, फण्या, लेस. पेढीने त्यांना कोकणची ‘लाइन’ दिली होती. खेड, दापोली, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजे, राजापूर, खारेपाटण, कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले असा तो फेरा होता. मुख्य रस्ता सोडून बंदरांकडे उतरणारे फाटे वेगळे. आमचे घर रत्नागिरीजवळच, म्हणजे लाइनच्या मधोमध होते. त्यामुळे फेऱ्यात एकदा जाता जाता घरी मुक्काम होई, तोही वसुलीच्या वह्या पुढ्यात घेऊनच.

काम वरवर सोपे होते. दुकानात जायचे, पेटी उघडून नमुने दाखवायचे, मागणी कार्बन घातलेल्या ऑर्डर बुकात लिहायची, एक प्रत दुकानदाराला द्यायची, एक टपालाने मुंबईला पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची. माल मागाहून पार्सलने येई आणि त्याचे पैसे अण्णांनी पुढच्या फेरीत गोळा करायचे. खरे कौशल्य लागे ते मागणी लिहिताना. कोकणात नवे कपडे शिवले जात ते मुख्यतः गणपतीला, शिमग्याला आणि लग्नसराईत. गणपतीचा माल ज्येष्ठाच्या आत दुकानात पोचला नाही, तर पुढे कसलाच भरवसा नसे, कारण पावसाळ्यात आगबोटी बंद असत आणि घाटात दरड कोसळली की ट्रकही अडकून पडत. म्हणजे भाद्रपदात गावी येणारे चाकरमानी काय मागतील, याचा अंदाज चैत्र-वैशाखातच बांधावा लागे. दुकानदाराने चार ग्रोस (एक ग्रोस म्हणजे बारा डझन) सांगितले तर तीनच लिहिणारे अण्णा पेढीच्या दृष्टीने फार चांगले विक्रेते नसावेत. पण पडून राहिलेला माल पुढल्या फेरीत वसुलीच्या आड येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाची त्यांना जी जाण होती ती मुंबईत बसून कोणाला आली नसती. खाऱ्या हवेत लोखंडी हूक बघता बघता गंजतो आणि पोलक्यावर तांबडा डाग सोडतो, म्हणून बंदरपट्टीतल्या दुकानांसाठी ते आग्रहाने पितळी हूक लिहीत. घाटाच्या पायथ्याकडच्या गावांत स्वस्त लोखंडी चालून जात. सुया काळ्या तेलकट कागदाच्या पाकिटांत येत, पण त्या कागदावर अण्णांचा विश्वास नव्हता. नमुन्याच्या सुया ते फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचत, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवत आणि वरून मेणकापड गुंडाळत. बटणांचे पुठ्ठे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. एकेका पुठ्ठ्यावर सहा-सहा बटणांच्या ओळी दोऱ्याने शिवलेल्या असत, शिंपल्याची, काचेची, पुढे पुढे प्लॅस्टिकची, आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने दोन-तीन अक्षरे लिहिलेली असत. ती अक्षरे म्हणजे खरेदीची किंमत. व्यापाऱ्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दहा निरनिराळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवलेला असे आणि एकेका अक्षराला एकेक आकडा दिलेला असे, म्हणजे समोरच्याला आपली खरेदी कळू नये. अण्णांचा शब्द आता फक्त आम्हा नातवंडांना ठाऊक आहे आणि तो मी येथे लिहिणार नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तो काळ त्यांच्या बोलण्यात वरचेवर येई. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा कोणी कोणाला देऊ शकत नव्हता, म्हणून कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे धरलेले. आण्याला एक या दराने डझनभर नाड्या सुट्या विकल्या तर पूर्वी १२ आणे, म्हणजे ७५ पैसे, जमत. आता ७२च जमू लागले. डझनामागचे हे तीन पैसे गेले कोठे, असा जाब प्रत्येक दुकानदार अण्णांनाच विचारी, जणू काही नाणी त्यांनीच पाडली होती. पाठोपाठ वार जाऊन मीटर आला. तेव्हा अण्णांनी स्वतः कोष्टके लिहून, कार्बनने प्रती काढून दुकानोदुकानी वाटली. दिवसकार्याला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की, त्यांच्या गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलेले तसले एक कोष्टक अजून तेथेच आहे.

मुक्कामाचा प्रश्न ज्या त्या गावाने सोडवला. मोठ्या गावी खाणावळ, लहान गावी दुकानदाराची पडवी, आणि फाट्याच्या टोकाला असलेल्या गावी वस्तीची एसटी. ही गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन रात्री तेथेच थांबते आणि पहाटे परत निघते. अण्णा चालक-वाहकांबरोबर देवळाच्या सभामंडपात पथारी टाकत, पेटी उशाला घेत आणि पहाटे त्याच गाडीने उलटे निघत. खाडीवर पूल नसल्यामुळे दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला तरीने जायचे, नाही तर चिपळूणवरून वळसा घालून गुहागर गाठायचे, अशी स्थिती होती. अण्णांना पोहता येत नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती बातमी त्यांनी ऐन पोरवयात ऐकलेली होती. तरीही वळशाचे भाडे वाचवण्यासाठी ते पेटी मांडीवर घेऊन तरीत बसत.

त्यांच्या धंद्यातला सर्वांत कठीण काळ १८ जानेवारी १९८२ नंतरचा. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतल्या कोकणी माणसांच्या घरी येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या. गावातला दुकानदार मनिऑर्डरीच्या भरवशावर उधार देई, घाऊक पेढी दुकानदाराच्या भरवशावर माल देई, आणि या दोहोंच्या मध्ये अण्णा उभे होते. जुनी बाकी आल्याशिवाय नवा माल नाही, असे पेढीने कळवले. काही दुकानांची बाकी अण्णांनी आपल्या कमिशनातून वळती करून घेतली आणि दुकानदारांना नवा माल मिळवून दिला. हे आम्हांला कोणालाही माहीत नव्हते. दिवसकार्याला दोघातिघांनी आपण होऊन सांगितले. त्यांतल्या काहींनी पैसे पुढे फेडले, काहींची दुकानेच राहिली नाहीत.

मी प्राथमिक शाळेत असताना अण्णा निवृत्त होऊन कायमचे घरी आले. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी त्यांनी आम्हां भावंडांकडून झोपाळ्यावर बसवून पाठ करून घेतली. पण आम्हांला खरी ओढ होती ती रविवारच्या ‘ऑर्डरी’ची. कोऱ्या राहिलेल्या ऑर्डर बुकांचा एक गठ्ठा त्यांनी जपून ठेवला होता. दर रविवारी दुपारी ते पडवीत खुर्ची टाकून बसत, प्रत्येक नातवंडाला ‘या शेठ’ म्हणून समोर बसवत आणि मागणी लिहून घेत : खोडरबर एक, भोवरा एक, रंगीत खडूंची पेटी एक. कार्बनची प्रत आमच्या हाती येई. माल पुढच्या आठवड्यात रत्नागिरीच्या बाजारातून हमखास येई, न आल्यास ‘शिल्लक’ असा शेरा पडे आणि तो पुढल्या पानावर ओढला जाई. येथेही चार वस्तू सांगितल्या की तीनच लिहिल्या जात. माझ्या धाकट्या बहिणीने एकदा हत्ती मागितला, तेव्हा ‘कंपनीकडे विचारणा केली आहे’ असा शेरा त्यांनी कितीतरी आठवडे गंभीरपणे पुढे ओढला.

वस्तीची_गाडी

फार आनंद झाला हे वाचून. राजापूर तालुक्यातल्या एका गावात आमचे किराणा, कापड, कटलरी असे सगळेच एकत्र असलेले दुकान होते. आमच्याकडे तुमचेच आजोबा येत होते का, हे सांगता येणार नाही, कारण असे तीन-चार जण येत. पण पेटी, मेणकापड आणि पेन्सिलीची अक्षरे अगदी ओळखीची वाटली.

दुकानाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. वर्तमानपत्र आमच्या गावात दुसऱ्या दिवशी येई, तेही आले तर. हा माणूस मात्र ठरल्या वेळी येई आणि खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची खबर आणी. मुलीसाठी स्थळ, म्हशीसाठी गिऱ्हाईक, मुंबईहून चष्म्याची काच, कोठल्या गावी चांगला वैद्य आहे याची माहिती, हे सगळे त्याच्याकडून होई. माझ्या आत्याचे लग्न एका कापड विक्रेत्याने जमवले. परंतु ‘अमक्याचे दुकान कसे चालले आहे?’ असे माझ्या वडिलांनी विचारले, की तो फक्त ‘चालले आहे’ एवढेच म्हणे. वडील म्हणत, तो शेजारच्या दुकानाचे आपल्याला सांगत नाही, म्हणजे आपले शेजाऱ्याला सांगत नसेल. म्हणूनच आपली खरी अडचण त्याला सांगता येते. तो कितीही आग्रह केला तरी गल्ल्याच्या आतल्या बाजूला येऊन बसला नाही. बाहेरच्या बाकावरच चहा घेई.

सुरंगी

लेख चांगला आहे आणि व्यक्तिमत्त्व प्रेमळ आहे, याबद्दल शंका नाही. तरीही एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही. माझे आजोबाही असेच फिरतीवर असत, ते औषधांचे विक्रेते होते. त्यांच्याविषयी बाहेरची माणसे जितके भरभरून बोलत, तितकी माझी आजी बोलत नसे. भातलावणी, म्हातारी सासू, चार मुलांची आजारपणे, गळणारे छप्पर, हे सगळे तिने एकटीने उरकले, आणि ज्या घरात नवरा महिन्यातून चार दिवस पाहुण्यासारखा येतो त्या घरात त्या चार दिवसांचे पाहुणेपणही तिलाच करावे लागे. नातवंडांना मिळालेले आजोबा आणि मुलांना मिळालेले वडील ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात. तुमच्या वडिलांना अण्णांविषयी काय वाटते, हे लेखात कोठेच आले नाही.

खाडीपलीकडे

सुरंगी यांच्या प्रश्नाचे उत्तर धागाकर्ते देतीलच. मी स्वतः या व्यवसायात होतो, म्हणून थोडे लिहितो. मी १९९० नंतर मोटरसायकलवरून याच पट्ट्यात साबण आणि टूथपेस्ट विकली. तोपर्यंत गावोगावी एसटीडी बूथ होऊ लागले होते, तालुक्याच्या ठिकाणी वितरक नेमलेले होते आणि माल त्यांच्या टेम्पोतून जात होता. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, तसा दुकानदार स्वतःच सकाळी मुंबईला जाऊन घाऊक बाजारातून हवे ते उचलून आणू लागला. तयार कपड्यांनी शिवणाचे सामान मागे टाकले. दहा गावांना मिळून एक शिंपी उरला, तर हूक आणि रिळे कोण घेणार?

मला एक मात्र सांगायचे आहे. चार ग्रोस सांगितले तर तीन लिहिणे हा निव्वळ भलेपणा नव्हता, ती चोख व्यापारी अक्कल होती. आणि ती वापरायला अण्णांना मोकळीक होती, कारण त्यांच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट नव्हते. आमच्यावर होते. महिनाअखेरीस आम्ही तीन सांगणाऱ्याच्या गळ्यात चार मारत असू आणि पुढच्या महिन्यात त्या दुकानासमोरून मान खाली घालून जात असू. आजची मुले मोबाइलवर मागणी नोंदवतात, साहेबाला ती त्याच क्षणी दिसते. त्यांतला एखादा अण्णांच्या स्वभावाचा असला तरी त्याला तीन लिहिता येणार नाहीत. कमिशनातून गिऱ्हाइकाची बाकी भरणे हेही मी कोणाला करायला सांगणार नाही. घरचे पैसे होते ते.

कातळसडा

सुरंगी, तुमचा प्रश्न रास्त आहे. वडिलांविषयी मी लिहिले नाही, कारण त्यांना विचारल्याशिवाय लिहिणे बरे वाटले नाही. काल त्यांना हा धागा वाचून दाखवला आणि त्यांच्या संमतीने लिहीत आहे.

वडिलांच्या लहानपणी अण्णा म्हणजे पोस्टकार्ड होते. ‘सोमवारी राजापूर, बुधवारपर्यंत खारेपाटण, तेथून कणकवली. पत्र खारेपाटणच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकणे. सर्वांस आशीर्वाद.’ बहुतेक कार्डांत एवढाच मजकूर असे. माझ्या आत्याला विषमज्वर झाला तेव्हा आजीचे पत्र एका दुकानातून पुढच्या दुकानात असे त्यांच्या मागोमाग हिंडत राहिले, आणि अण्णा घरी पोचले तेव्हा आत्या उठून पेज जेवू लागली होती. वडील म्हणतात, आजी त्यांना एक शब्द बोलली नाही, फक्त त्या दिवशी जेवायला वाढताना मुलांची पाने आधी मांडली. पुढे वडिलांनी रत्नागिरीतच नोकरी धरली आणि बदली येणार म्हणून बढती दोनदा नाकारली. अण्णांना ते पटले नव्हते. यावर दोघांत कधी उघड बोलणे झाले नाही.

रविवारच्या ऑर्डरींविषयी वडील जे म्हणाले ते जसेच्या तसे देतो : “मी दाराआडून बघायचो. मला राग यायला हवा होता, पण मी पुढच्या रविवारी काय लिहिलं जातं ते ऐकायला मुद्दाम घरी थांबायचो.” एका रविवारी त्यांनीही समोर बसून कंदिलाची काच मागितली होती. अण्णांनी ती लिहून घेतली आणि प्रत फाडून दिली. ती प्रत वडिलांच्या कपाटात आहे, हे मला कालच कळले.

आजीविषयी सांगायचे तर तीही तुमच्या आजीसारखी सगळे उरकत होती, आणि शिवाय अण्णांचे दप्तर सांभाळत होती. कोणत्या दुकानाची किती बाकी, कोणाला स्मरणाचे कार्ड टाकायचे, हे तिला तोंडपाठ असे. खाडीपलीकडे यांनी घरचे पैसे म्हटले, ते खरे तर तिचे पैसे होते. १९८२ नंतरच्या त्या वळत्या रकमा तिच्याच अक्षरात लिहिलेल्या आहेत, म्हणजे आम्हांला नसले तरी तिला सर्व माहीत होते. तिने होकार दिला की अण्णांनी तो गृहीत धरला, हे वहीवरून कळत नाही. निवृत्तीनंतर ते घरी बसून तिला मोलकरणीचा हिशेब आणि तांदळाच्या डब्यांची जागा सुचवू लागले, तेव्हा तिने पहिल्याच महिन्यात त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढले आणि आम्हां मुलांना त्यांच्या पुढ्यात बसवले. ‘यांना घ्या आणि पडवीत जा’ हे तिचे वाक्य वडिलांना अजून आठवते. आमच्या वाट्याला जे आजोबा आले त्यांच्यामागे तिची ही व्यवस्था होती.

सुरंगी

इतके सविस्तर आणि सरळ उत्तर दिल्याबद्दल आभार. वडिलांनाही नमस्कार सांगावा. पाने आधी मांडण्याची गोष्ट आमच्या घरात घडली असती तर तिचा अर्थ सगळ्या बायकांना लगेच कळला असता, आणि पुरुषांतल्या एकालाही नाही.

वस्तीची_गाडी

ऑर्डर बुके शाबूत असतील तर ती जपायला हवीत. कोणत्या गावात कोणते दुकान कधी होते, तेथे काय खपत होते, हे दुसरीकडे कोठे लिहिलेले सापडणार नाही. आमच्या दुकानाचे पान निघाले तर मला फार हवे आहे. वडील आता थकले आहेत, त्यांना दाखवता येईल.

कातळसडा

सगळी नाहीत, पहिल्या काही वर्षांची वाळवीने खाल्ली, आणि एक पूर्ण गठ्ठा आम्हीच लहानपणी भोवऱ्या-गोट्यांच्या मागण्यांनी भरून टाकला. उरलेली मी आणि बहीण उन्हात घालून, झटकून, गावांप्रमाणे लावत आहोत. राजापूर तालुक्याचा गठ्ठा हाती आला की तुमच्या दुकानाचे पान शोधतो. दुकानाच्या पाटीवर असे तेच नाव आणि साधारण काळ मला व्यक्तिगत निरोपात कळवावा. इतर कोणाचे दुकान या लाइनवर असेल तर त्यांनीही कळवावे, मागणीच्या पानांची छायाचित्रे त्या त्या घराला पाठवीन. बाकीच्या वह्या मात्र मी कोणालाही दाखवणार नाही, वडिलांचेही तेच मत आहे. त्यांतली बरीच नावे अजून त्याच बाजारपेठांत, त्याच पाट्यांवर आहेत.